लिंबूटिंबू आई-बाबांसाठी: मुलांसोबत व्हिडिओ गेम कसे खेळावेत

लपंडाव असो की पकडापकडी, आमच्या लहानपणी प्रत्येक खेळात एक लिंबूटिंबू असायचा. वयाने सगळ्यांत लहान, धावताना दोनदा पडणारा, नियम अर्धेच कळलेला. त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. बाद झाला तरी कुणी धरायचं नाही. त्याला मुद्दाम कुणी शिकवत नसे, तरी दोन-तीन महिन्यांत तो पक्का भिडू व्हायचा.

मुलांसोबत व्हिडिओ गेम खेळायला बसलं की ही जागा आई-बाबांची असते. मला हे पचायला वेळ लागला. सुरुवातीला मी लेकीशेजारी बसायचे ते शिकवायलाच. ती माइनक्राफ्ट या ठोकळे रचून जग उभारायच्या गेममध्ये घर बांधायची आणि मी विचारायचे, "एका भिंतीला किती ठोकळे लागले? मग चार भिंतींना किती?" चौथ्या दिवशी तिने विचारलं, "आई, तू खेळायला आलीयेस की तोंडी परीक्षा घ्यायला?" आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. दीड मिनिटात मी लाव्हारसात पडून मेले.

ती पोट धरून हसली. मग मी काहीही न विचारता तिने दहा मिनिटं मला समजावलं. आपण उभे आहोत तो ठोकळा सरळ खाली कधीच खणायचा नाही, कारण खाली पोकळी असू शकते किंवा लाव्हा. लाव्हा पाण्यापेक्षा हळू पसरतो, त्यामुळे दिसला तर पळायला वेळ मिळतो. त्यावर पाणी ओतलं की त्याचा दगड होतो. कारण आणि परिणाम इतके नीट जोडून तिने तोवर मला काहीच सांगितलं नव्हतं. मी शिकवायची थांबले तेव्हा ती बोलायला लागली. पुढचं सगळं मी या अनुभवावरून लिहिते आहे.

आधी आठवडाभर नुसतं बघा

नवा गेम आणायची घाई नको. मूल आत्ता जे खेळतंय तिथून सुरुवात करा, मग तो गेम तुम्हाला कितीही निरर्थक वाटो. शेजारी बसा, हातातला फोन बाजूला ठेवा आणि बघा. मूल कुठे अडतं, अडल्यावर काय करतं (पुन्हा तेच करून बघतं, दुसरा मार्ग शोधतं, की चिडून बंद करतं?), त्याला जिंकणं आवडतं की नुसतं भटकणं, की सजावट करत बसणं? आमचा धाकटा शर्यतीच्या गेममध्ये शर्यत सोडून उलट्या दिशेने गाडी हाकायचा, रस्त्याकडेला काय काय आहे ते बघायला. अशा मुलाला पहिल्या नंबराचं आमिष दाखवून काही होत नाही.

या आठवड्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा वापरा: "हे काय आहे, मला सांग ना." आणि उत्तर आलं की ऐका. "अच्छा, म्हणजे हे आपल्या विज्ञानाच्या धड्यासारखंच" हे वाक्य गिळून टाका. तो सांधा मूल कधीतरी स्वतः जुळवेल. नाही जुळवला तरी चालेल.

गेम कसा निवडावा

वेष्टनावरचा वयाचा शिक्का आधी बघा. अमेरिकेत ईएसआरबी हे मानांकन १९९४ पासून आहे, युरोपात पेगी २००३ पासून. पेगीचे टप्पे ३, ७, १२, १६ आणि १८ असे आहेत. पण हा शिक्का हिंसा, भाषा, भीती यांच्याबद्दल बोलतो. गेम किती अवघड आहे ते तो सांगत नाही. ३ चा शिक्का असलेल्या एखाद्या कोड्याच्या गेमपुढे मोठी माणसंही हात टेकतात. म्हणून विकत घेण्याआधी कुणीतरी तो खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघा. जाहिरात बघून काही कळत नाही, कारण तिच्यात प्रत्यक्ष खेळ जेमतेम असतो.

"शैक्षणिक" या लेबलापासून मी जरा लांबच राहते. बरेचसे शैक्षणिक गेम म्हणजे पाढ्यांवर गोंडस ससा चिकटवलेला असतो. उत्तर बरोबर आलं की ससा नाचतो, आणि मुलांना ते दोन मिनिटांत कळतं. मेंदूची ताकद वाढवण्याचे दावे तर त्याहून जपून घ्यावेत. ल्युमॉसिटी हा मेंदूच्या व्यायामाचा प्रसिद्ध कार्यक्रम बनवणाऱ्या कंपनीने अशाच दाव्यांबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरले होते. एका गेममध्ये तरबेज झालेलं मूल त्या गेममध्ये तरबेज होतं. तेच कौशल्य आपोआप दुसरीकडे झिरपेल असं धरून चालू नये. ते झिरपायचं असेल तर मध्ये बोलणं लागतं, आणि तिथेच तुमचं काम आहे.

मी गेम निवडताना चार गोष्टी बघते. चूक स्वस्त आहे का, म्हणजे हरल्यावर दहा सेकंदांत पुन्हा सुरू करता येतं का? दोघांना वेगवेगळं काम आहे का? ठरवावं लागतं का, की नुसतं बोट आपटायचं? आणि थांबायची नैसर्गिक जागा आहे का?

अगदी लहानांबद्दल आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी तेवढं बरं. त्यामुळे या वयात मी गेम शोधतच बसणार नाही. पाच ते सात वर्षांसाठी ज्यात पडणं-मरणं माफ आहे असे गेम घ्या. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये 'स्मार्ट स्टिअरिंग' चालू केलं की गाडी रस्ता सोडून खाली कोसळत नाही. सुपर मारिओ ओडिसीमध्ये एक जण मारिओ होतो आणि दुसरा त्याची टोपी. टोपी होणं म्हणजे शुद्ध लिंबूटिंबूपण. आधी तुम्ही टोपी व्हा.

आठ-नऊपासून पुढे मैदान मोठं आहे. एकत्र स्वयंपाकघर चालवायचं असेल तर ओव्हरकुक्ड, शेत राखायचं असेल तर स्टारड्यू व्हॅली, मेट्रोच्या मार्गांची कोडी हवी असतील तर मिनी मेट्रो. ओव्हरकुक्डमध्ये पहिल्या दिवशी हमखास भांडण होतं, कारण दोघंही चिरत बसतात आणि भांडी कुणीच घासत नाही. कामं वाटून घ्यायची गरज तिथे मुलांना स्वतःच जाणवते. इट टेक्स टू हा २०२१ चा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही आणि रचनेच्या दृष्टीने तो अफलातून आहे. पण त्याची गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आई-बाबांची आहे. घरात त्या विषयाची जखम ताजी असेल तर आधी मुलाशिवाय, दुसऱ्या मोठ्या माणसासोबत खेळून बघा. पेगीने त्याला १२ चा शिक्का दिला आहे.

दहा-अकराच्या पुढे जिओगेसर मला फार आवडतो. जगातल्या कुठल्यातरी रस्त्यावर तुम्हाला उभं केलं जातं आणि आपण कुठे आहोत ते ओळखायचं. पाट्यांवरची लिपी कुठली, गाड्या डावीकडून चालतात की उजवीकडून, सावल्या कुठे पडल्यात? दुपारचा सूर्य उत्तरेकडे दिसला तर आपण बहुधा दक्षिण गोलार्धात आहोत, हे आमच्या घरात पाठ्यपुस्तकाआधी या खेळातून आलं.

बसण्याआधीची अर्ध्या तासाची तयारी

मूल झोपल्यावर उरकायचं हे काम आहे. पहिलं, यंत्रावर मुलाचं वेगळं खातं उघडा आणि त्यात त्याचं खरं वय टाका. वय खोटं टाकलं की पुढचे सगळे अडसर निरुपयोगी ठरतात. दुसरं, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा. तिसरं, अनोळखी लोकांशी बोलायची सोय बंद ठेवा, किंवा फक्त ओळखीच्या मित्रांपुरती उघडा. चौथं, गेम अपडेट करून ठेवा. उत्साहाने बसलेल्या मुलाला "डाउनलोड होत आहे, ४७ मिनिटं बाकी" हे दाखवण्यासारखा दुसरा रसभंग नाही.

मग स्वतःसाठी वीस मिनिटं काढा. आजच्या बहुतेक त्रिमित गेममध्ये डावा अंगठा चालवतो आणि उजवा अंगठा नजर फिरवतो. लहानपणापासून खेळणाऱ्याला हे श्वासासारखं जमतं. आपण मात्र चालताना आकाशाकडे बघतो आणि थांबल्यावर स्वतःच्या पायांकडे. एक सराव सांगते. एखादं झाड शोधा आणि नजर त्याच्यावरून न हलवता त्याच्याभोवती गोल फिरा. आधी घड्याळाच्या दिशेने, मग उलट. मला दोन संध्याकाळी लागल्या.

काहींना अशा गेममध्ये गरगरतं, मळमळतं. लाजू नका, हे होतं. पडद्यापासून लांब बसा, खोलीत दिवा लावा, आणि सेटिंगमध्ये चालताना दृश्य हलवणारा पर्याय बंद करा. माइनक्राफ्टमध्ये त्याला 'व्ह्यू बॉबिंग' म्हणतात. तरीही त्रास झाला तर वरून किंवा बाजूने दिसणारे गेम घ्या.

पहिला डाव

पहिल्या डावाला अर्धा तास पुरे. मुलाला सांगा, "मला यातलं काही येत नाही, तू शिकव." त्याआधी खरंच काही येत नसेल तर उत्तम, कारण नाटक मुलांना लगेच कळतं.

शिकवताना मूल तुमच्या हातातून कंट्रोलर ओढून घेईल, "थांब, मी करून दाखवतो!" म्हणत. हसतच सांगा: "तोंडाने सांग, हात माझे." या एका नियमाने फार फरक पडतो. हाताने करता येणारी गोष्ट शब्दांत सांगताना मुलाला ती पायरी पायरीने वेगळी काढावी लागते. "उडी मार" म्हणून भागत नाही. "कडेला ये, अजून, आता धावत धावत उडी, बटण दाबून धर" असं सांगावं लागतं. हाच नियम तुम्हालाही लागू. मूल अडलं की आपले हात शिवशिवतात. तेव्हा ते मांडीखाली ठेवा.

प्रश्न विचारायचेच असतील तर ज्यांचं उत्तर तुम्हाला माहीत नाही तेच विचारा. "आता काय करायचं ठरवलंयस?" "हे चाललं नाही तर?" "तुला कसं कळलं तो तिथून येणार?" आणि हरल्यावर "असं का केलंस?" म्हणू नका, "काय झालं?" म्हणा. 'का' विचारलं की मूल सफाई द्यायला लागतं. 'काय' विचारलं की वर्णन करतं, आणि वर्णन करता करता चूक त्याची त्यालाच दिसते. एका डावात असे दोन-तीन प्रश्न पुरेत. त्याहून जास्त झाले की पुन्हा तोंडी परीक्षा.

एका भट्टीची गोष्ट

खेळात गणित येतं असं सगळेच म्हणतात. ते नेमकं कसं येतं ते एका प्रसंगातून सांगते.

माइनक्राफ्टमध्ये कच्चं लोखंड भट्टीत घालून वितळवावं लागतं. एका कोळशावर आठ वस्तू भाजतात. धाकट्याकडे लोखंडाचे २३ तुकडे होते. त्याने तीन कोळसे टाकले आणि गुहेकडे निघाला, मग मध्येच थांबला. "आई, तिसऱ्या कोळशावर सातच भाजतील ना? एकाची आच फुकट." मी गप्प. तो परत जाऊन एक तुकडा लोखंड खणून आला, २४ केले, मग भट्टी पेटवली. भागाकारातली 'बाकी' वहीत त्याच्यासाठी उत्तराशेजारी लिहायचा एक आकडा होती. इथे ती वाया जाणारी आच झाली. थोरली पलीकडून म्हणाली, "आई ज्या लाव्हात मेली ना, तो बादलीत भरून भट्टीत घातला तर १०० वस्तू भाजतात." लगेच हिशेब सुरू: एक बादली म्हणजे किती कोळसे? साडेबारा. आणि मग जास्त महत्त्वाचा प्रश्न, जो मला सुचलाच नसता: दहा-बारा वस्तूच भाजायच्या असतील तर लाव्हा वापरणं शहाणपणाचं आहे का?

असे हिशेब या गेममध्ये ठिकठिकाणी आहेत. वस्तूंची एक चळत बहुतेक वेळा ६४ ची असते. 'नेदर' नावाच्या पाताळात एक पाऊल टाकलं की वरच्या जगात आठ पावलांचं अंतर कापलं जातं, म्हणून मुलं घराचे निर्देशांक (म्हणजे जागा दाखवणारे आकडे) आठने भागून पाताळात दरवाजा कुठे उभारायचा ते ठरवतात. घर उणे २४० वर असेल तर दरवाजा उणे ३० वर. ऋण संख्यांचा भागाकार शाळेत यायच्या आधी आमच्या घरात आला तो असा. त्यासाठी निर्देशांक पडद्यावर दिसायला हवेत. कन्सोल आणि मोबाइलवर ते जगाच्या सेटिंगमधून चालू करता येतात. नवशिक्या आई-बाबांसाठी आणखी दोन सेटिंग: 'पीसफुल' ठेवलं की अंगावर येणारे राक्षस नसतात, आणि 'कीप इन्व्हेंटरी' चालू केलं की मेल्यावर सामान जात नाही.

रेडस्टोन म्हणजे या जगातली वीज. तिचा संदेश तारेवरून १५ ठोकळे जातो आणि मरतो. पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर लावावा लागतो. थोरलीचं १८ ठोकळ्यांवरचं दार उघडेना, तेव्हा तिने चिडून सगळं मोडून पुन्हा बांधलं. पुन्हा तेच. तेव्हा मी एकच सुचवलं: एका वेळी एकच गोष्ट बदलून बघूया. तिने दार तारेच्या बाजूने एकेक ठोकळा जवळ आणलं. १८ वर नाही, १७ वर नाही, १६ वर नाही, १५ वर उघडलं! पुढे काय करायचं ते तिला मी सांगावं लागलं नाही.

भरलेली चांदणी की पोकळ?

भाषेसाठी मला सापडलेला सगळ्यांत उत्तम गेम म्हणजे कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स. नाव लांबलचक, पण कल्पना साधी. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा ते माहीत नाही. दुसऱ्याकडे माहितीपुस्तिका आहे, पण त्याला पडदा दिसत नाही. पुस्तिका फुकट मिळते, छापून घ्या. घड्याळ चालू असतं आणि दोघांनी फक्त बोलून काम करायचं.

एका फलकावर चार चिन्हं असतात. पुस्तिकेतल्या स्तंभांपैकी ज्यात ती चारही आहेत तो शोधायचा आणि त्या क्रमाने बटणं दाबायची. मी बॉम्बपाशी, धाकटा पुस्तिका घेऊन पडद्याकडे पाठ करून.

"उलटं प्रश्नचिन्ह," मी म्हणाले. "एक चांदणी..."

"कसली चांदणी?"

"अरे चांदणी! पाच टोकांची!"

"आई, इथे दोन आहेत. भरलेली की पोकळ?"

या गोंधळात चाळीस सेकंद गेली आणि बॉम्ब फुटला. दुसऱ्या डावाआधी त्याने स्वतःहून सगळ्या चिन्हांना नावं द्यायचं ठरवलं. आम्ही जमिनीवर बसून यादी केली. आपल्याला जे दिसतंय ते समोरच्याला दिसत नाहीये, हे मुलांच्या (आणि बऱ्याच मोठ्यांच्या) डोक्यात शिरायला वेळ लागतो. इथे ते पाच मिनिटांत शिरलं.

तारांच्या फलकाचे नियम असे असतात: तीन तारा असतील आणि त्यांत लाल नसेल तर दुसरी कापा, नाहीतर, शेवटची पांढरी असेल तर शेवटची कापा, नाहीतर... 'नाहीतर' या शब्दावर सगळा डोलारा उभा असतो. आमची पुस्तिका इंग्रजी होती. त्यामुळे तो इंग्रजीत वाचत होता, मराठीत सांगत होता आणि अट चुकू नये म्हणून बोटाने ओळ धरून ठेवत होता. पुढे भूमिका बदला. पुस्तिका हातात आल्यावर कळतं की "लवकर सांग, लवकर!" असं ओरडणारा माणूस किती डोक्यात जातो. शाळेच्या अभ्यासाला बसवताना मी नेमकी तशीच ओरडते, हे मला त्या दिवशी कळलं.

चिडका बिब्बा

हरल्यावर कंट्रोलर आपटणं, "तू चीटिंग केलीस" म्हणणं, डाव अर्धा सोडून जाणं, हे सगळं होणार. तुम्ही मुद्दाम हरून ते टाळू नका. सात-आठ वर्षांच्या मुलालाही ते कळतं, आणि मग खरं जिंकल्यावरही त्याला शंका येते. त्याऐवजी सवलत उघडपणे द्या: "मी पाच सेकंद उशिरा निघते." "तू स्मार्ट स्टिअरिंग ठेव, मी काढून टाकते." सवलत किती हवी ते मुलालाच ठरवू द्या आणि दर आठवड्याला पुन्हा ठरवा. आमच्याकडे पाच सेकंदांवरून दोन झाली, मग तोच म्हणाला नको. आता सवलत मी मागते, आणि तो घासाघीस करतो.

भावंडं एकमेकांत सारखी जुंपत असतील तर समोरासमोरचे गेम महिनाभर बाजूला ठेवा आणि दोघांनी मिळून यंत्राला हरवायचे गेम घ्या.

राग शिगेला पोचला की त्या क्षणी उपदेश करू नका. कंट्रोलर टेबलावर, पाणी, खिडकीबाहेर नजर. डोळ्यांसाठी तसंही दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघावं असं सांगतात. या निमित्ताने तेही होतं. बोलणं नंतर करा, शक्यतो स्वतःच्या फजितीपासून सुरुवात करून.

थांबायचं कसं

निम्मी भांडणं थांबण्यावरून होतात आणि त्यात बऱ्याचदा चूक आपली असते. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणजे मुलाने संघातल्या इतर भिडूंना तोंडघशी पाडायचं. म्हणून मर्यादा मिनिटांत न घालता गेमच्या एककात घाला: दोन शर्यती, एक सामना, एक लेव्हल. एक सामना साधारण किती वेळ चालतो ते आधी मुलाकडूनच मोजून घ्या.

माइनक्राफ्टचा एक दिवस-रात्र मिळून २० मिनिटांचा असतो, म्हणून मी मोठ्या हुशारीने "दोन दिवस" अशी मर्यादा घातली. मुलं माझ्याहून हुशार निघाली. गेममध्ये पलंगावर झोपलं की रात्र झटकन सरते, तेव्हा त्यांनी झोपणंच बंद केलं! पण तीन दिवस न झोपणाऱ्याच्या डोक्यावर त्या गेममध्ये फँटम नावाची पाखरं घिरट्या घालायला लागतात, आणि ते काम माझ्या वतीने त्यांनी चोख केलं.

पैसे आणि अनोळखी माणसं

फुकट गेम क्वचितच फुकट असतो. मुलाला सोबत घेऊन दुकानाचं पान उघडा आणि हिशेब करा. उदाहरणादाखल धरा की हवा असलेला पोशाख १,२०० नाण्यांचा आहे आणि नाणी मिळतात १,००० किंवा २,५०० च्या थैलीत. काहीही घ्या, नाणी उरतातच: ८०० किंवा १,३००. उरलेल्या नाण्यांचं काय करावंसं वाटेल? हा प्रश्न विचारून गप्प बसा. दहा वर्षांच्या मुलाला ही मेख बरोबर सापडते, आणि सापडल्यावर तो मित्रांनाही सांगत सुटतो.

लूट बॉक्स म्हणजे आत काय निघेल ते न कळता विकत घ्यायची पेटी. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं. मुलाला एवढं सांगितलं की पुढची चर्चा ते स्वतःच करतं.

अनोळखी माणसांबाबत आमच्या घरात तीन गोष्टी ठरल्या आहेत: खरं नाव, शाळा, फोटो द्यायचे नाहीत, कुणी "दुसऱ्या ॲपवर ये" म्हणालं तर लगेच मला सांगायचं, आणि सांगितल्यावर गेम बंद होणार नाही. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. शिक्षेच्या भीतीने मूल नेमकी तीच गोष्ट लपवतं.

गेम बंद झाल्यावर

दोन-चार मिनिटांचं बोलणं पुरतं, तेही शेजारी चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना. "आज सगळ्यांत भारी काय झालं?" "उद्या काय वेगळं करून बघणार?" एक जाडजूड वही गेमसाठी ठेवा. तिच्यात गुहांचे नकाशे, चिन्हांची नावं, फसलेल्या योजना. आमच्या वहीत शुद्धलेखनाला लाल शाई लावायची नाही हा माझ्यावर घातलेला नियम आहे, आणि तो पाळताना माझा जीव जातो.

मूल म्हणायला लागलं की "मी बनवला असता तर हा राक्षस उडाला असता," तेव्हा स्क्रॅच उघडून द्या. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेली ही फुकट प्रणाली मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की गेम तयार होतो. ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे, ज्यात वाचता येण्याचीही गरज नाही. पहिला गेम अगदी छोटा ठेवा: मांजर, चेंडू आणि गुण मोजणारा एक आकडा. मुलाने बनवलेला गेम तुम्ही खेळा आणि प्रामाणिकपणे हरा. त्यात ते फार अवघड नसतं, कारण पहिल्या गेममध्ये जिंकायची सोय करायचं मुलं बहुधा विसरतात.

काळजी कधी करावी

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डरची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढत जाणं, हे साधारण १२ महिने टिकलं आणि रोजचं आयुष्य विस्कटलं तर तसं निदान होऊ शकतं. सुट्टीत पंधरा दिवस झपाटल्यासारखं खेळणं यात बसत नाही. पण झोप, शाळा, मित्र आणि आधी आवडणाऱ्या गोष्टी एकेक करून सुटत असतील तर वर्षभर वाट न बघता डॉक्टरांशी बोला. सोबत खेळणाऱ्या आई-बाबांना हा बदल लवकर दिसतो.

आणि तेरा-चौदाव्या वर्षी मूल सांगेल की आता तुमच्यासोबत नको. थोरलीने मला तसं सांगून सहा महिने झाले. तिच्या मैत्रिणींच्या संघात माझी जागा नाही हे उघडच आहे. आठवड्यातून एकदा मी तिच्या खोलीत दहा मिनिटं नुसती बघायला बसते, एक शब्द न बोलता. मध्यंतरी ती कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अवकाशयानं उडवायच्या गेममध्ये दोन यानं जोडायला बघत होती. पुढचं यान गाठायला ती वेग वाढवायची आणि दर वेळी मागेच पडायची. चौथ्या खेपेला तिने वेग कमी केला, यान खालच्या कक्षेत उतरलं आणि तिथून पुढे सरकायला लागलं. पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "दिसलं का, काय झालं?" मला कळलं नव्हतं. मी तसं सांगितल्यावर तिने खुर्ची सरकवून कागद ओढला आणि दोन वर्तुळं काढली, एक लहान, एक मोठं.

दुसरा कंट्रोलर मी अजून चार्ज करून ठेवते.